गुळगुळीत टायर आणि तुरीचा पैसा

आळंदहून उमरग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कर्नाटकाची हद्द जेथे संपत येते तेथे, खजुरी हे गाव आहे. (हे आळंद म्हणजे इंद्रायणीकाठची आळंदी नव्हे, कलबुर्गी जिल्ह्यातील हे तालुक्याचे ठिकाण लाडले मशायखांच्या दर्ग्यासाठी ओळखले जाते.) मृग लागण्याच्या आधीच्या दिवसांत आम्ही त्या बाजूने चाललो असता आमच्या गाडीचे चाक बसले आणि तासभर एका पंक्चरवाल्याच्या छपराखाली बसण्याचा योग आला. आमच्या आधी एका शेतकऱ्याची मोटारसायकल उभी होती. मागे दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावलेले, टाकीवर खताच्या पिशवीचे आच्छादन. पंक्चरवाल्या पोराने मागचा टायर उतरवला, उन्हात धरला आणि म्हणाला, “मामा, ह्यात आता गेटर बी बसंना. दोरा बाहेर आलाय.” मामांनी टायरकडे पाहिलेही नाही. “ह्या पावसापुरतं काढ बाबा. तूर निघू दे, मग दोन्ही नवे टाकू.”

या एका वाक्यावर अग्रलेख लिहावा, इतके त्यात काय आहे, असे वाचक विचारतील. तूर निघते पौषात, आणि पाऊस तोंडावर आलेला. म्हणजे ज्या चार महिन्यांत टायरवरील खाचांना खरे काम असते ते चार महिने दोरा दिसणाऱ्या टायरवर काढायचे, आणि आकाश निरभ्र झाले, रस्ता कोरडा झाला, की मग नवा टायर घालायचा, असा हा बेत होता. त्या गृहस्थांना पावसात गाडी घसरते हे कळत नव्हते, असे मुळीच नाही. कळत होते, आणि तरीही बेत तोच होता. टायर केव्हा बदलावा हा प्रश्न आपण नेहमी डोळ्यांचा समजतो. तो बऱ्याच अंशी खिशाचा आणि पंचांगाचा आहे, हे आम्हांस त्या छपराखाली प्रथम उमगले.

रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवरचे होते. आम्ही वृत्तपत्रवाले अशा मृत्यूची बातमी चार ओळींत देतो आणि त्यांत ‘गाडी घसरून’ हे दोन शब्द हमखास असतात. गाडी का घसरली, चाकावर काय होते, हे विचारण्याची तसदी आम्हीही घेत नाही. घसरणे हा जणू गाडीचा स्वभावच आहे!

कायदा या बाबतीत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ९४ वा नियम टायरच्या स्थितीविषयी आहे. आतील कापड उघडे पडले असेल, टायरला कोठे फुगवटा आला असेल किंवा बाहेरून ठिगळ लावले असेल, तर तो टायर सुस्थितीत मानू नये, असे तो सांगतो. आणि दुचाकीच्या टायरवरील खाच ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये, असेही. ब्रिटनमध्ये मोटारसायकलीसाठी ही मर्यादा १ मिलिमीटर आहे, जर्मनीत १.६. आपल्या नियमकर्त्यांनी गरिबीचा विचार करून आकडा खाली आणला असेल तर त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. पण रस्त्यावरील पाणी गरिबी पाहून वागत नाही. शिवाय ०.८ मिलिमीटर ही शेवटची पायरी आहे. त्याखाली गेल्यास गुन्हा घडतो, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. तेथपर्यंत सर्व क्षेम आहे, असे कायद्याने कोठेही म्हटलेले नाही.

खाचा असतात कशासाठी? कोरड्या, स्वच्छ डांबरावर टायर गुळगुळीत असला तर पकड कमी होत नाही. शर्यतीच्या गाड्यांचे कोरड्या दिवसाचे टायर तर मुद्दाम बिनखाचांचे असतात. पंक्चरच्या दुकानात हा दाखला देणारा एखादा तरुण भेटतोच, आणि तो खोटे बोलत नसतो. पण शर्यतवाले पाऊस येताच तो टायर काढून खाचांचा टायर चढवतात, हा उत्तरार्ध तो सांगत नाही. टायर आणि रस्ता यांच्यामधले पाणी बाजूला सारून रबराला डांबरापर्यंत पोहोचवणे, एवढेच खाचेचे काम. मोटारसायकलीचा एकेक टायर रस्त्याला जेथे टेकतो ती जागा हाताच्या तळव्यापेक्षा मोठी नसते. दोन तळव्यांवर गाडी, स्वार, मागे बायको, मध्ये मूल आणि बाजाराची पिशवी, इतका भार असतो. त्या तळव्याखाली पाण्याचा पातळ पापुद्रा राहिला, की ब्रेक कितीही चांगला असो, चाक थांबते पण गाडी थांबत नाही. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाक्यांत दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची किंवा चाक जाम न होऊ देणारी व्यवस्था सक्तीची झाली, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु ती व्यवस्थासुद्धा शेवटी त्याच दोन तळव्यांच्या भरवशावर चालते.

आणि ही भूमी तर काळ्या मातीची. पाणी प्याली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यामुळे डांबराच्या कडा तुटतात आणि नवा रस्ताही दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर ती माती रस्त्यावर येते. वैशाखभर तिच्यावर धूळ आणि गाड्यांचे तेल साचते, आणि पहिल्या सरीबरोबर या सर्वांचा जो लेप तयार होतो, त्यावर चालताना माणसाचा पायही ठरत नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या वाचकांपैकी ज्यांच्या न्हाणीघरात शहाबादी फरशी आहे, त्यांना ओल्या फरशीवर साबण सांडल्यावर काय होते ते सांगायला नको. ते शहाबाद याच कलबुर्गी जिल्ह्यातले. धुवांधार पावसात रस्ता निदान धुतला जातो. पण तिकडचा बेताचा, थांबून थांबून येणारा पाऊस हा लेप पुरता धुऊन नेत नाही, नुसता भिजवून ठेवतो. ज्यांना वाटते की चिंब पावसाच्या कोकणातच टायर जपावे लागतात, त्यांनी आषाढात एकदा खजुरी ते आळंद जाऊन यावे.

मग बदलायचा केव्हा? टायरच्या बगलेवर लहान त्रिकोण किंवा इंग्रजी तीन अक्षरांची खूण असते. तिच्या सरळ रेषेत खाचेच्या तळाशी रबराचा एक बारीक उंचवटा असतो. झीज त्या उंचवट्याशी समतल झाली, की टायरचे आयुष्य सरले. ही कारखान्याची खूण. आमचा सल्ला याहून थोडा आधीचा आहे. साधी आगकाडी सुमारे दोन मिलिमीटर जाडीची असते. ती खाचेत आडवी ठेवावी; बाहेर डोके काढू लागली तर त्या टायरवर पावसाळा काढू नये. आणि हे पाहावे ते टायरच्या मधल्या पट्ट्यावर. सरळ रस्त्यावर धावणाऱ्या गाडीचा मधला भाग सपाट होतो आणि कडांची नक्षी नव्यासारखी राहते. “अजून नक्षी आहे की!” असे म्हणत लोक बोट ठेवतात ते नेमके कडेवर. दुसरी एक खूण पंक्चरवाल्याच्या वहीत असते. रबर पातळ झाले, की वेड्या बाभळीचा जो काटा पूर्वी अर्ध्यात अडकून राहत असे तो सरळ ट्यूबपर्यंत जातो. महिन्यात तीन पंक्चरे झाली तर दोष काट्याचा नव्हे.

पुढच्या टायरची उपेक्षा हा आणखी एक रोग. मागचा टायर लवकर झिजतो, म्हणून मागचे दोन-तीन बदलले जातात तरी पुढचा तसाच असतो. काही जण तर मागचा झिजलेला टायर पुढे चढवून काटकसर केल्याचे समाधान मानतात. वस्तुतः ब्रेक लावताच गाडीचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते. ते सुटले, की स्वाराला सावरण्याची संधीच मिळत नाही. मागचे चाक घसरले तर निदान पाय टेकायला वेळ असतो.

आता एका वेगळ्या टायरविषयी, जो झिजलेला नसतो. आमच्या किनाऱ्यावरील शहरांत ज्या इमारती उभ्या राहत आहेत, त्यांच्या पायऱ्यांवर वाळू-सिमेंट वाहणाऱ्यांत बीदर-कलबुर्गीकडची माणसे पुष्कळ आहेत. यांपैकी कित्येकांची मोटारसायकल गावी, घराच्या भिंतीला टेकून उभी असते. वर्षातून दोनदा-तीनदा, पंचमीला, दिवाळीला, कोणाच्या लग्नाला, मालक येतो आणि आठ दिवस ती दामटतो. टायरची खाच पाहावी तर भरपूर. पण रबर हा पदार्थ नुसता धावल्याने संपत नाही. हवेतील प्राणवायू, ओझोन आणि ऊन त्याला उभ्या जागी खातात. ते कडक होते, बगलेला बारीक भेगा पडतात, आणि ओल्या रस्त्याला चिकटण्याचा त्याचा गुण जातो. मे महिन्यात जेथे पारा चाळिशीच्या वर असतो, तेथे हे अधिक लवकर घडते. हवा कमी झालेल्या चाकावर गाडी महिनोन् महिने उभी राहिली तर टेकलेल्या जागी रबर दबते ते वेगळेच. टायरच्या बगलेवर चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१७’ म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहाव्या वर्षी, कितीही नवा दिसला तरी, काढून टाकावा असा कारखानदारांचा सर्वसाधारण सल्ला असतो. उन्हात उभ्या गाडीला दहा वर्षे ही फारच उदार मुदत आहे, असे आम्हांस वाटते.

हे सर्व लिहूनही त्या मामांचा प्रश्न सुटत नाही, याची जाणीव आम्हांस आहे. त्यांना खाच दिसत होती, दोराही दिसत होता. नव्हता तो पैसा. शंभर सीसीच्या गाडीचा मागचा टायर ट्यूबसह दीड ते दोन हजारांच्या घरात जातो. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये कर्नाटकात ३४९ रुपये होती आणि हद्दीपलीकडे महाराष्ट्रात २९७. म्हणजे एका टायरसाठी इकडे पाच दिवसांची मजुरी, तिकडे सहा दिवसांची. आणि मागणी येते ती ज्येष्ठाच्या तोंडावर, बी-बियाणे, खत, पोरांची फी आणि वह्या यांच्या गर्दीत. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण त्या तुरीचा पैसा हाती येतो माघ-फाल्गुनात, आणि कर्जफेड व लग्नसराईत वैशाखापर्यंत संपतो. टायरची गरज आणि टायरचा पैसा यांच्यात चार-पाच महिन्यांचे अंतर आहे. ते शेतकऱ्याच्या निष्काळजीपणाने पडलेले नाही.

हे अंतर जुन्या गावगाड्यात नव्हते, असे म्हटले तर कोणी आम्हांस प्रतिगामी म्हणू नये. बैलगाडीच्या चाकाला लोखंडाची धाव असे. ती सैल झाली, की उन्हाळ्यात लोहाराकडे चाक जाई. तो धाव लालबुंद तापवून चाकावर चढवी आणि पाणी ओतून आवळी. पेरणीच्या आधी हे काम व्हायचेच. आणि लोहाराचे बलुते मिळे खळ्यावर, रास झाल्यानंतर. काम पावसापूर्वी, मोबदला सुगीनंतर. त्या व्यवस्थेत जातीचा जो जाच होता तो गेला हे उत्तमच झाले, आणि त्यासाठी माणसांना झगडावे लागले हेही आम्ही विसरत नाही. परंतु कामाचा काळ आणि पैशाचा काळ वेगळा असतो, एवढे शहाणपण तिच्यात होते. आज मोटारसायकल घ्यायची म्हटले तर कर्ज देणारा फटफटीसारखा दारात येऊन उभा राहतो. टायर घ्यायचा म्हटले तर रोख मोजा.

यावर उपाय फार मोठा नाही. गावोगावी सहकारी पतसंस्था आणि सोसायट्या आहेत. कर्नाटकात त्यांच्यामार्फत शेतकऱ्याला बिनव्याजी पीककर्ज मिळते. खत आणि बियाण्याबरोबर वैशाखात दोन टायर उधारीवर द्यावेत आणि तूर विकल्यावर वसूल करावेत, यात कोणत्या नियमाचे आकाश कोसळणार आहे? दूध शेतापासून केंद्रापर्यंत ज्या चाकांवर जाते ती चाके शेतीचे अवजार नव्हेत, असे म्हणणाऱ्याने एकदा पहाटे चार वाजता कॅन बांधून पाहावेत. तोपर्यंत, ज्याच्या हाती तुरीचा पैसा येतो त्याने त्याच आठवड्यात आगकाडी टायरला लावून पाहावी, आणि पावसाळा निघणार नाही असे दिसले तर टायर तेव्हाच घ्यावा. दोन-तीन महिने आधी काढलेल्या टायरचे जे नुकसान होते ते अगदी मामुली.

ते किती, याचा हिशेबही एकदा मांडू. समजा, १,८०० रुपयांचा टायर २४,००० किलोमीटर चालला. म्हणजे किलोमीटरला साडेसात पैसे. शेवटचे ४,००० किलोमीटर सोडून दिले तर वाया जातात ३०० रुपये. तेवढ्याच अंतराला लिटरला ५० किलोमीटर धरून ८० लिटर पेट्रोल लागते, म्हणजे आठ हजारांहून अधिक. पेट्रोलचे आठ हजार विनातक्रार आणि टायरचे तीनशे जिवावर, असा हा प्रकार आहे. त्या तीनशेंतूनही शेवटच्या काळातील पंक्चरांचे पैसे वजा करा. हाती काही उरते की नाही, शंकाच आहे.

सरकारने या बाबतीत काय केले? १ जुलै २०१७ पासून मोटारसायकलीच्या टायरवर वस्तू व सेवा कर २८ टक्के होता. चैनीच्या वस्तूंचा जो वर्ग, तोच दुधवाल्याच्या टायरचा! २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्क्यांवर आला. उशिरा का होईना, हे बरे झाले. पण तपासणीचे काय? खासगी मोटारसायकलीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते, आणि त्या पंधरा वर्षांत तिची चाके कोणी एकदाही पाहावीत अशी सोय नाही. धूर मात्र ठरावीक मुदतीने तपासला जातो. धूर तपासणाऱ्या केंद्रावर गाडी उभी असतेच. तेथेच दोन्ही टायरची खाच मोजून आणि बगलेवरचे चार आकडे वाचून दाखल्यावर दोन ओळी लिहिल्या, तर किती वेळ जाईल? त्यासाठी दाखला अडवू नये. फक्त लिहावे आणि गाडीवाल्याला वाचून दाखवावे.

दंडाच्या आम्ही विरुद्ध आहोत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. खजुरीसारख्या हद्दीवरच्या नाक्यांवर दोन राज्यांच्या गणवेशांचा अनुभव लोकांना आहे. टायर पाहून पावती फाडण्याचा अधिकार हाती दिला, तर दोरा निघालेला टायर तसाच धावत राहील आणि नव्या टायरसाठी साठवलेले दोनशे रुपये वाटेत खर्ची पडतील.

आमचे चाक तयार झाले तेव्हा त्या मामांचेही झाले होते. पंक्चरवाल्याने जुन्या ट्यूबचा एक तुकडा आतून लावून दोऱ्याच्या जागी टेकू दिला होता. “हळू जा, मामा,” एवढेच तो म्हणाला, आणि पैसे घेताना पाच रुपये परत केले. आमच्या शहरातील बांधकामांवरून यंदा पंचमीला जे बीदर-कलबुर्गीकडे निघतील, त्यांनी घरच्या मोटारसायकलीला किक मारण्याआधी एवढे करावे: भिंतीकडची बाजू उजेडात आणावी, टायर ओल्या फडक्याने पुसावा, चार आकडे वाचावेत, बगलेवरून बोट फिरवून भेगा पाहाव्यात. आणि शंका आली तर पहिल्या दिवशी बसने जावे.